लायसन्स वाटून झाली, आता पुढे? ऑफिसात एआय असिस्टंट रुजवणाऱ्यांसाठी

"पुढच्या सोमवारपासून सगळ्यांना एआय असिस्टंट मिळतोय. टीम तो वापरेल हे बघायची जबाबदारी तुमची." असा मेल तुम्हाला आला असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. (एआय असिस्टंट म्हणजे चॅटजीपीटीसारखं, लिहून सांगितलं की लिहून उत्तर देणारं साधन.) तुम्ही आयटीतले असा, एचआरमधले असा किंवा 'तुला कॉम्प्युटरचं बरं कळतं' एवढ्याच भांडवलावर पुढे ढकललेले असा, काम तेच आहे. आणि ते वाटतं तेवढं तांत्रिक नाही.

माझी पहिली खेप सपशेल फसली. दोन तासांचं ट्रेनिंग ठेवलं, प्रोजेक्टर लावला, असिस्टंटकडून पावसावर कविता लिहून घेतली आणि मग तीच कविता सर्क्युलरच्या भाषेत करून दाखवली. लोक हसले, टाळ्या पडल्या. महिन्याभराने पाहिलं तर चाळिसातले जेमतेम पाच-सहा जण तो उघडत होते, त्यातले दोघे तर मी विचारीन म्हणून. कविता कुणालाच लिहायची नव्हती. ज्याला दिवसाला पन्नास मेलांना उत्तरं द्यायची असतात, त्याला मी त्याच्या मेलबद्दल एक अक्षर दाखवलं नव्हतं. तेव्हापासून मी असिस्टंट 'शिकवत' नाही. माणसाचं रोजचं एखादं कंटाळवाणं काम घेते आणि ते त्याच्याच टेबलावर, असिस्टंटला सोबत घेऊन करून बघते. पुढच्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

पहिली पायरी: आधी स्वतः वापरा, आणि फसा

किमान दोन आठवडे, आणि स्वतःच्या खऱ्या कामांसाठी. डेमोची उदाहरणं इथे उपयोगाची नाहीत, कारण ती जमतात म्हणूनच डेमोत असतात.

हा आग्रह का, तर असिस्टंटला काय जमेल याचा अंदाज वरवर बघून येत नाही. २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी इतर काही विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांसोबत बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या व्यवस्थापन-सल्ला देणाऱ्या कंपनीच्या ७५८ सल्लागारांवर एक प्रयोग केला. एआयच्या आवाक्यातल्या कामांत एआय वापरणाऱ्यांनी सरासरी १२ टक्के जास्त कामं उरकली, तीही २५ टक्के लवकर. पण एक काम मुद्दाम आवाक्याबाहेरचं ठेवलं होतं. त्यात एआय वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्केबिंदूंनी कमी भरलं. माणसं तीच हुशार, साधन तेच, फक्त कुंपणाच्या कुठल्या बाजूला उभे आहोत ते त्यांना कळलं नाही.

तुमच्या ऑफिसातलं ते कुंपण तुम्हालाच शोधावं लागेल. मी एक साधी वही ठेवते, दोन रकान्यांची. माझ्या वहीतल्या काही नोंदी अशा: लांबलचक मेलमालिकेचा गोषवारा, जमतो. दोन करारांत काय फरक आहे, बहुतेक सांगतो, पण एखादं कलम गुपचूप गाळतो. दोनशे ओळींची बेरीज चॅटमध्ये, अजिबात नको. त्याच बेरजेसाठी एक्सेलचा फॉर्म्युला लिहून दे म्हटलं तर छान देतो, मग बेरीज एक्सेल करतं आणि ती तपासताही येते. ही शेवटची नोंद मला एका चुकलेल्या रिपोर्टने शिकवली. असे दोन-तीन फजितीचे किस्से पदरी असल्याशिवाय लोकांसमोर जाऊ नका. तुम्ही कुठे तोंडावर पडलात हे सांगितल्यावरच समोरचे मोकळे होतात.

दुसरी पायरी: नोकरीचा विषय तुम्हीच काढा

ट्रेनिंगमध्ये हात वर करून 'आमची नोकरी जाणार का?' असं कुणी विचारत नाही. ते जिन्यात विचारलं जातं, आणि तिथे उत्तर द्यायला तुम्ही नसता. म्हणून पहिल्याच बैठकीला त्या विभागाच्या साहेबांना किंवा मॅडमना बोलवा आणि एकाच प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला सांगा: वाचलेल्या वेळाचं काय होणार? तुंबलेली कामं उरकणार, रात्री उशिरापर्यंत थांबणं कमी होणार, की माणसं कमी होणार? ठरलेलं नसेल तर 'अजून ठरलेलं नाही, ठरेल तेव्हा आधी तुम्हाला सांगू' एवढं म्हटलं तरी चालतं. खोटा दिलासा मात्र चालत नाही. लोकांना तो लगेच कळतो.

'एआय तुमची नोकरी घेणार नाही, एआय वापरणारा माणूस घेईल' हे वाक्य तर कृपा करून कुठल्याही स्लाइडवर टाकू नका. बोलणाऱ्याला ते प्रोत्साहन वाटतं. ऐकणाऱ्याला ती धमकी असते.

याखाली आणखी एक भीती दडलेली असते, आणि माझ्या मते तीच जास्त नडते. असिस्टंट वापरला म्हणजे आपण कामचुकारपणा केला, असं कित्येक प्रामाणिक माणसांना वाटतं. साहेबांना कळलं तर काय म्हणतील म्हणून ते वापरत नाहीत, किंवा वापरून लपवतात. यावर उपाय एकच आहे. साहेबांनी स्वतःहून सांगायचं, 'कालच्या सर्क्युलरचा पहिला मसुदा मी असिस्टंटकडून घेतला, मग निम्मा बदलला.' एकदा हे कानावर पडलं की अर्धी लाज उतरते.

शिवाय काहीजण आधीपासूनच स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यातून ऑफिसचं काम करून घेत असतात. त्यांना शोधून काढत बसू नका. 'आजवरचं काही विचारणार नाही, आजपासून ऑफिसचं खातं वापरा' असं जाहीर करा. हीच मंडळी नंतर तुमचे सर्वांत चांगले मदतनीस ठरतात.

तिसरी पायरी: नियम, एका पानात

२०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) चॅटजीपीटीत टाकल्याचं बाहेर आलं आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. त्या लोकांना काही फोडायचं नव्हतं, काम लवकर संपवायचं होतं. तुमच्याकडेही असं काही झालं तर ते चांगल्या हेतूनेच होईल, म्हणून नियम साधे आणि डोळ्यांसमोर हवेत. वीस पानी धोरण वकिलांसाठी असू द्या. लोकांच्या हातात एकच पान द्या, आणि त्यात एवढंच लिहा:

- कुठलं खातं वापरायचं. ऑफिसच्या खात्यात टाकलेल्या मजकुराचं असिस्टंट पुरवणारी कंपनी काय करते आणि फुकटच्या वैयक्तिक खात्यात काय होऊ शकतं, हे आयटीकडून लेखी घ्या आणि दोन ओळींत मांडा.
- काय कधीच टाकायचं नाही: पासवर्ड, पगाराचे तपशील, कुणाच्या आजारपणाची कागदपत्रं, सही न झालेले करार.
- काय झाकून टाकायचं: ग्राहकाच्या नावाऐवजी 'ग्राहक क', खाते क्रमांकाऐवजी फुल्या.
- मीटिंगचं रेकॉर्डिंग किंवा आपोआप मिनिट्स (बैठकीचा लेखी वृत्तांत) घ्यायची असतील तर सुरुवातीलाच सगळ्यांना विचारायचं.
- शंका आली तर कुणाला विचारायचं. इथे विभागाचं नाव लिहू नका, माणसाचं नाव आणि फोन लिहा.

चौथी पायरी: काम निवडा

प्रत्येकाला एक आठवडा आपली कामं कागदावर लिहायला सांगा, वेळेसकट. मग त्यातलं एकच निवडा. मी बघते ते असं: काम आठवड्यातून निदान दोन-तीनदा येतं का, त्यात लिहिणं-वाचणं जास्त आहे का, आणि चूक झाली तर ती करणाऱ्याच्या लगेच नजरेत येते का? तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. ज्या कामात तपासायला करण्याइतकाच वेळ जातो, ते सुरुवातीला घेऊच नका.

पाचवी पायरी: शेजारी बसा

एका ऑफिसात वसुली विभागातल्या एक मॅडम होत्या. नोकरीला वीसहून जास्त वर्षं झालेली. थकलेल्या बिलांसाठी ग्राहकांना आठवणीचे मेल पाठवणं हे त्यांचं रोजचं काम. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "माझं सगळं ठरलेलं आहे हो. मला कशाला हे?"

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. कीबोर्ड त्यांच्याकडेच ठेवला. (हा नियम पाळाच. आपण पटापट टाइप करून दाखवलं की समोरचा पुन्हा प्रेक्षक होतो.) त्यांनी लिहिलं, 'थकबाकीचा मेल लिही.' पडद्यावर चार परिच्छेद उमटले. सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार, आपले संबंध दृढ व्हावेत ही सदिच्छा, आणि सगळ्यात शेवटी पैशांचा ओझरता उल्लेख. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा मेल गेला तर ते पैसे देतील की मला सत्काराला बोलावतील?"

मी विचारलं, "मॅडम, हेच काम आज नव्याने आलेल्या मुलीला दिलं असतं तर तिला काय सांगितलं असतं?"

त्या एका दमात म्हणाल्या, "जुनी पार्टी आहे. दरवेळी दहा-पंधरा दिवस उशीर करतात, पण बुडवत नाहीत. आवाज चढवायचा नाही. तीन बिलं बाकी आहेत. मधल्या बिलावर त्यांची तक्रार आहे, तिचा निकाल लागेपर्यंत ते बाजूला ठेवायचं आणि बाकी दोनच मागायची. पाच ओळींच्या वर जायचं नाही."

"हेच टाइप करा. असंच्या असं."

या वेळी आलेला मेल कामाचा होता. मॅडमनी 'त्वरित' हा शब्द खोडला, कारण त्यांच्या धंद्यात 'त्वरित' म्हणजे पुढची नोटीस. मग त्या थबकल्या. "ही पंचवीस तारीख कुठून आली? मी कुठे दिली?" असिस्टंटने पैसे भरायची शेवटची तारीख स्वतःच ठोकून दिली होती.

माझ्या दोन तासांच्या स्लाइड्सनी जे जमलं नव्हतं ते या वीस मिनिटांत झालं. सविस्तर सांगितलं तर चांगलं येतं हेही त्यांनी पाहिलं आणि असिस्टंट बिनदिक्कत खोटं बोलतो हेही, दोन्ही त्यांच्याच मेलमध्ये. प्रॉम्प्ट, म्हणजे असिस्टंटला द्यायची सूचना, लिहिण्याचे कोर्स निघाले आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं: कामावर नव्याने रुजू झालेल्या हुशार माणसाला जसं सांगाल तसं सांगा. कुणासाठी आहे, कशासाठी आहे, कुठली माहिती वापरायची, काय टाळायचं, किती लांब हवं. आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका, 'तिसरी ओळ कडक वाटते, मवाळ कर' असं पुढे बोलत राहा. आपली लेखनाची ढब हवी असेल तर स्वतःचे दोन-तीन जुने मेल, नावं झाकून, नमुन्याला द्या.

प्रत्येकाजवळ अशी दोनदा बैठक मारा, मधे आठवडाभर सोडून. मोठ्या ऑफिसात तुम्ही एकटे पुरणार नाही. मग प्रत्येक विभागातून एक माणूस तयार करा. त्यासाठी तंत्रज्ञानाची आवड असलेला तरुण शोधायची आपल्याला खोड असते. त्याऐवजी ज्याला बाकीचे एरवीही अडलं-नडलं विचारतात तो शोधा.

सहावी पायरी: तपासण्याची सवय

त्या पंचवीस तारखेचं मूळ यंत्राच्या घडणीतच आहे. असा असिस्टंट प्रचंड मजकुरातून शिकलेला असतो आणि पुढे कुठला शब्द शोभेल हे ठरवत लिहीत जातो. थकबाकीच्या मेलमध्ये तारीख शोभते, म्हणून तारीख आली. ती खरी की खोटी, याने त्याच्या वाक्याच्या आत्मविश्वासात फरक पडत नाही. हे लोकांना एकदा समजावून सांगा. नाहीतर ते 'आज बिघडलंय बहुतेक' म्हणून सोडून देतात.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वकिलाने विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने सांगितलेले जुन्या खटल्यांचे निकाल दाखले म्हणून जोडले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. जून महिन्यात न्यायाधीशांनी संबंधित वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. मला यातली एकच बाब ट्रेनिंगमध्ये सांगावीशी वाटते: त्या वकिलाने 'हे निकाल खरे आहेत का?' असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्याने 'हो' म्हटलं होतं. चोरालाच पंचनामा करायला बसवण्यातला प्रकार.

म्हणून पद्धत अशी ठेवा. बाहेर जाणाऱ्या मजकुरातलं प्रत्येक नाव, तारीख, रक्कम आणि दाखला मूळ कागदाशी ताडून बघायचा, जुळला की टिक करायची. गोषवारा करून घेतला असेल तर 'प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ मजकुरातली ओळ जशीच्या तशी दे' असं सांगा आणि ती ओळ खरंच तिथे आहे का ते फाइलमध्ये शोधा. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि मिनिट्समध्ये न झालेला ठराव घुसण्यापासून त्याने मला दोनदा वाचवलं आहे.

जबाबदारी कुणाची, यावर वाद घालू नका. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा चॅटबॉटच्या बोलण्याला कंपनी बांधील नाही अशा थाटाचा बचाव कंपनीने केला. कॅनडातल्या न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. ऑफिसातही मेल ज्याच्या नावाने जातो, चूक त्याची.

सातवी पायरी: नवे आणि मुरलेले

दोघांना एकच माप लावू नका. ग्राहकसेवेतल्या ५,१७९ कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २०२३ मध्ये आला. एआयच्या मदतीने तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्के वाढल्या. नवख्या आणि कमी सरावाच्या लोकांत ही वाढ ३४ टक्के होती, मुरलेल्यांत जवळपास नाहीच. कारण उघड आहे. त्या साधनाने चांगल्या कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातूनच धडे घेतले होते, ते जाणत्यांना नवीन काय सांगणार?

तेव्हा जुन्या माणसाने 'मला फारसा फायदा दिसत नाही' म्हटलं तर त्याला हेकट ठरवू नका, तो खरं बोलत असू शकतो. त्याच्याकडून वेगळं काम घ्या: असिस्टंटच्या उत्तरात काय चुकतंय हे नव्यांना दाखवायचं. नव्यांची काळजी उलटी. त्यांचं काम लवकर होतं, पण ते का बरोबर आहे हे त्यांना सांगता येत नाही. मी नव्या मुलांना पहिले काही मसुदे हातानेच लिहायला लावते, मग असिस्टंटचा मसुदा शेजारी ठेवून फरक विचारते. कुरकुर होते, होऊ द्या.

आठवी पायरी: घड्याळ लावून मोजा

किती जणांनी लॉगिन केलं हा आकडा वरिष्ठांना आवडतो. तो देऊन टाका आणि विसरून जा. लोकांना 'वेळ वाचतो का?' असं नुसतं विचारणंही फसवं आहे. २०२५ मध्ये मीटर नावाच्या संशोधन संस्थेने १६ अनुभवी सॉफ्टवेअर डेव्हलपरांकडून २४६ कामं करून घेतली, काही एआयसह आणि काही एआयशिवाय. एआयसह कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि डेव्हलपरांना काम संपल्यावरही वाटत होतं की आपला २० टक्के वेळ वाचला.

चौथ्या पायरीत प्रत्येकाने कामाचा वेळ लिहिला होता, तो इथे उपयोगी पडतो. तेच काम आता किती वेळात होतं, तपासण्यासकट, आणि किती वेळा परत दुरुस्तीला आलं, एवढं बघा. एखाद्या कामात फायदा दिसत नसेल तर ते यादीतून काढा आणि तसं जाहीर सांगा. 'इथे वापरू नका' असंही तुम्ही सांगता हे दिसलं की तुमच्या 'वापरा'ला किंमत येते.

नववी पायरी: पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर

नव्याची नवलाई इथे संपते आणि वापर घसरतो. घाबरू नका, पण काहीतरी हलतं ठेवा. मी एक सामायिक शीट ठेवते. त्यात काम, वापरलेला प्रॉम्प्ट आणि कुणाला जमला ते असतं, आणि दुसऱ्या टॅबमध्ये फसलेली उत्तरं. दुसरा टॅबच जास्त वाचला जातो, आणि लोक तिथे आवर्जून भर घालतात. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास जमायचं, त्यातली एक फसगत आणि एक जमलेलं काम बघायचं, उठायचं.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. असिस्टंट अपडेट होत राहतो, आणि काल जमणारा प्रॉम्प्ट आज वेगळंच काही देऊ शकतो. म्हणून विभागातली पाच कामं, ज्यांची बरोबर उत्तरं तुमच्याकडे लिहून ठेवलेली आहेत, बाजूला काढा. दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा चालवून बघा. वसुलीच्या त्या मॅडमकडे आता हे काम आहे. पाचांपैकी पहिलं त्यांनीच ठरवलं: थकबाकीचा मेल, तारीख न देता. उत्तरात तारीख आली की त्या लाल पेनाने गोल करतात आणि प्रिंट माझ्या टेबलावर ठेवून जातात.